घाटात गाडीचा दम सुटतो तेव्हा: नव्या डिझेल मेकॅनिकांसाठी

‘मिस्त्री, सपाटीवर गाडी बरोबर चालते, पण चिखलदऱ्याच्या घाटात दमच धरत नाई.’ परतवाड्याच्या गॅरेजमध्ये ही तक्रार मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आणि पुढे अप्रेंटिसशिप पूर्ण करून जी मुले आमच्याकडे कामाला येतात, त्यांना इंजिन उघडता येते, व्हॉल्व्हचे सेटिंग करता येते. परंतु ग्राहक बिघडलेला भाग सांगत नाही, तो केवळ जाणवलेला त्रास सांगतो, आणि त्या त्रासापासून भागापर्यंत कसे पोहोचायचे हे मात्र त्यांना कामावरच शिकावे लागते. हा अनुभव त्यांच्यासाठी लिहीत आहे.

मी नवीन असताना दिवाळीनंतर एका शेतकऱ्याची सात सीटची डिझेल गाडी आली. चढावर अचानक ताकद जायची, चेक लाइट लागायचा आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन अडीच हजार आरपीएमच्या वर जात नसे. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ सगळे ठीक. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा पी ०२९९ हा कोड मिळाला. त्याचा अर्थ टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या भागाचा, दाब अपेक्षेपेक्षा कमी पडतो आहे, एवढाच. पण मी त्याचा अर्थ ‘टर्बो गेला’ असा लावला आणि त्या भाऊंना टर्बोचा खर्चही सांगून बसलो. ‘कापूस विकला की पैसे देतो,’ असे ते म्हणाले. आमच्या उस्तादांनी मला थांबवले आणि टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजच्या खालच्या बाजूने हात फिरवायला सांगितले. तेथे तेलात भिजलेल्या धुळीचा काळा पट्टा होता आणि त्याखाली बोटभर लांबीची चीर होती. इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसते चालू, असताना होजमध्ये दाब नसतो, म्हणून ती मिटलेली राहत असे. घाटात दाब वाढला की उघडत असे. होज बदलला, गाडी घाट चढली. ज्या खर्चासाठी एका माणसाने आपला कापूस विकला असता, तो खर्च माझ्या एका चुकीच्या निष्कर्षामुळे झाला असता, याची जाणीव मला आजही आहे.

म्हणून स्कॅनर लावण्याआधी विचारा. ताकद केव्हा जाते: थंड इंजिनला की गरम झाल्यावर, फक्त चढावर की सपाटीवरही, बंद करून लगेच सुरू केल्यावर परत येते की काही मिनिटे थांबल्यावर? लगेच परत येत असेल, तर बहुधा ईसीएमने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, इंजिन वाचवण्यासाठी इंधन मर्यादित केले होते, ज्याला आपण लिम्प मोड म्हणतो, आणि त्याचे कारण कोडच्या रूपात नोंदलेले असते. त्यानंतर मालकाला शेजारी बसवून गाडी स्वतः चालवा. आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, असे दिसले तर क्लच घसरतो आहे. इंजिनला हात लावण्याचे कारण नाही. गाडीतून उतरल्यावर एखाद्या चाकाची धग इतरांपेक्षा जास्त जाणवली, तर ब्रेक धरून बसला आहे.

यानंतरचा प्रश्न एकच: इंजिनला हवा कमी पडते की डिझेल? चढावर काळा धूर येत असेल तर बहुधा हवा कमी आहे. धूर नाही आणि ताकदही नाही, तर डिझेलच्या बाजूने सुरुवात करावी.

हवेच्या बाजूला आपल्या भागात एअर फिल्टर सर्वांत आधी पाहावा, कारण सोयाबीनच्या मळणीचे कुटार आणि जिनिंगच्या परिसरात उडणारे कापसाचे तंतू त्यात असे बसतात, की ठरलेल्या किलोमीटरच्या खूप आधीच तो तुंबतो. मग होज, क्लिपा, आणि टर्बोचा दाब कमीजास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरची व्हॅक्यूमची बारीक नळी, जी उंदीर कुरतडतात. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला असेल तरीही ताकद जाते. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर तपासताना इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू करा: त्या वेळी तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो, जो परतवाड्यात साधारण ९७ किलोपास्कल आणि सुमारे १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्यात ८९ च्या आसपास असायला हवा. हा आकडाच चुकीचा असेल, तर पुढच्या कोणत्याही बूस्टच्या (टर्बोने वाढवलेल्या दाबाच्या) आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

डिझेलच्या बाजूला पी ००८७ हा कोड, म्हणजे रेलमधील (सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतील) दाब कमी, वारंवार दिसतो, आणि तो पाहताच पंप बदलायला निघणारी मुले मी पाहिली आहेत. कॉमन रेलमध्ये आयडलला साधारण २५० ते ३०० बार दाब असतो, पूर्ण भारावर अनेक इंजिनांत तो १,६०० बारपर्यंत जातो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये ईसीएमने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी ठेवून घाटातच पाहा. दोन्ही आयडलला जुळतात आणि चढावर मिळालेला दाब मागे पडतो, तर आधी डिझेल फिल्टर बघा. पावसाळ्यात कॅनमधून भरलेल्या डिझेलबरोबर पाणीही टाकीत जाते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून ते काचेच्या बाटलीत घेतले, की खाली बसलेला पाण्याचा थर स्पष्ट दिसतो. फिल्टर चांगला असेल तर इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून बघा. जी बाटली लवकर भरते, त्या इंजेक्टरमधून दाब गळतो आहे.

धारणी रस्त्यावर चालणाऱ्या एका गाडीने मात्र आम्हाला फार शिकवले. सेमाडोहच्या पुढे ती बंद पडे, दहा मिनिटे थांबली की पुन्हा चाले. फिल्टर नवा होता, इंजेक्टर चांगले होते. शेवटी टाकी उतरवली, तेव्हा आत कॅनच्या झाकणाखालच्या प्लॅस्टिकचा तुकडा तरंगत होता. ओढ वाढली की तो जाळीला चिकटत असे आणि इंजिन थांबले की सुटत असे. ‘किती वेळ थांबावे लागते?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता, तर चार दिवस वाचले असते.

एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. जुन्या इंजिनांवर काम केलेले मिस्त्री चालू इंजिनात नोझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते ओळखत. कॉमन रेलवर असे कधीही करू नका. एवढ्या दाबाचा डिझेलचा बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी हात गमावण्याची वेळ येऊ शकते. तसे झालेच, तर वेदना नसली तरी तत्काळ रुग्णालय गाठा आणि आत डिझेल गेले आहे हे डॉक्टरांना सांगा.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम पाळणाऱ्या) गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, हे आणखी एक कारण वाढले आहे. त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी साधारण ६०० अंशांचे तापमान लागते आणि गावाहून तालुक्यापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत ते मिळत नाही. अशा मालकाला अमरावतीच्या रस्त्यावर अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालवायला सांगा, पण त्याआधी काजळी इतकी का साठली, हेही तपासा. सुरुवातीला सांगितलेल्या होजसारखा फाटका होजही त्याला कारणीभूत असतो.

सर्व्हिसिंगला येणाऱ्या निरोगी गाड्यांचे आकडे वहीत लिहून ठेवण्याची सवय मात्र पहिल्या महिन्यापासून लावून घ्या: आयडलचा रेल दाब, चावी चालू असतानाचा मॅपचा आकडा, घाटातील बूस्ट. माझ्या त्या वहीचे पहिले पान याच घाटातले आहे, आणि दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी मी अजूनही कोड पुसून, मालकाला शेजारी बसवून, त्याच चढावर नेतो.