घरी लिथियम चार्जर बनवायचाय? आधी ही तयारी

सोल्डरिंग आयर्न तापत ठेवण्याआधी सेल हातात घ्या आणि त्याच्यावर काय छापलंय ते नीट वाचा. चार्जर कसा हवा हे सेलच ठरवतो. आवरणावर ३.६ किंवा ३.७ व्होल्ट असेल तर तो नेहमीचा लिथियम-आयन, तो ४.२० व्होल्टला भरतो. ३.२ व्होल्ट असेल तर तो लिथियम आयर्न फॉस्फेट, आणि त्याची हद्द ३.६५. आकाराने दोन्ही सारखे असू शकतात, एकाच होल्डरमध्ये बसतात, म्हणूनच घोटाळा होतो. मोबाइलच्या काही बॅटऱ्यांवर ३.८ किंवा ३.८५ दिसतं, त्या ४.२० ला थांबवल्या तर थोड्या कमी भरतात, बिघडत नाहीत. छापील मजकूर पुसला गेलाय आणि सेल कुठल्या जातीचा ते कळत नाही, तर तो वापरूच नका. इथे अंदाज चालत नाही.

लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेले १८६५० सेल असतील (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी) तर प्रत्येकाचं व्होल्टेज मोजून चिठ्ठीवर लिहा. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल मी घेत नाही. इतक्या खाली गेल्यावर आतल्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. वरून सेल अगदी नवाकोरा दिसतो. मग प्लसचं टोक उजेडात धरून बघा. मधलं उंचवट्याचं बटण प्लस, पण त्याच्या भोवतीची पत्र्याची कड मायनस असते, कारण सेलचा अख्खा डबाच मायनस आहे. दोघांमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटर अंतर आणि वर एक पातळ इन्सुलेशनची चकती. ती चकती फाटली असेल किंवा आवरणाला चीर असेल तर आधी ते बदला, मग पुढचं.

आता मीटर. हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मला सगळ्यात जास्त आग्रह याचाच आहे. ४.२० च्या एक टक्का म्हणजे ०.०४ व्होल्ट, आणि लिथियमच्या चार्जरला जी चूक माफ असते ती साधारण तेवढीच. मीटरच तेवढा चुकत असेल तर पुढचं सगळं मोजमाप फुकट. माझ्या मीटरवर एकदा नव्या चार्जिंग बोर्डाचं व्होल्टेज ४.३१ दिसलं. बोर्ड खराब म्हणून काढून ठेवला, दुसरा लावला, त्याचंही तेच. मग मीटरची बॅटरी बदलली आणि दोन्ही बोर्ड ४.२० च्या आत आले. मीटरमधली बॅटरी उतरली की पुष्कळ मीटर आकडा वाढवून दाखवतात. तेव्हा आधी मीटरला नवी बॅटरी घाला आणि शक्य असेल तर दुसऱ्या चांगल्या मीटरशी ताडून बघा.

सेल ४.२० वाला असेल तर बोर्डासाठी टीपी ४०५६ या चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपचं छोटं मॉड्युल (तयार बोर्ड) घ्या. एलएम३१७ वर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारी साधी चिप) ४.२० व्होल्ट लावून काम भागेल असं वाटतं, पण चार्जिंग संपल्यावर ते थांबत नाही, सेलवर व्होल्टेज धरूनच ठेवतं. तो नाद पहिल्या चार्जरला नको. टीपी ४०५६ आधी ठरावीक करंट देतो, ४.२० ला पोचल्यावर व्होल्टेज धरून करंट उतरू देतो आणि करंट ठरवलेल्याच्या एक दशांश झाला की थांबतो. सेल २.९ च्या खाली असेल तर सुरुवातही एक दशांश करंटनेच करतो. बोर्डावर सेलसाठी बी प्लस, बी मायनस आणि शिवाय सेलवर काही चालवायला आउट प्लस, आउट मायनस अशी दोन वेगळी टोकं असतील असाच घ्या, म्हणजे त्यावर संरक्षणाची दुसरी चिप असते.

हे मॉड्युल बहुधा १ अँपिअरवर लावून येतं. भिंगातून बघितलं तर एका बारीक रेझिस्टरवर १२२ असा आकडा दिसेल; म्हणजे १२ वर दोन शून्यं, १२०० ओहम. १२०० ला या ओहमने भागलं की अँपिअर मिळतात. सेलच्या क्षमतेच्या निम्मा करंट ठेवावा: २००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास) सेलला १ अँपिअर ठीक, पण ५०० एमएएचच्या लहान पाउचला (पाकिटासारखा चपटा सेल) ०.२५ च पुरे, तेव्हा तो रेझिस्टर काढून ४.७ किलोओहमचा लावा. अशी अदलाबदल करायची असेल तर बारीक टोकाचं आयर्न आणि चिमटा आधीच जवळ ठेवा.

करंटबरोबर उष्णतेचाही हिशोब हवा. ५ व्होल्टमधून ३.७ चा सेल १ अँपिअरने भरताना १.३ वॅट चिपमध्येच जळतात; सेल ३ व्होल्टचा असेल तर २ वॅट. म्हणून बोर्ड डबीत कोंबू नका, आणि सेलला चिकटवू तर मुळीच नका. पुरवठा ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या चांगल्या तयार अडॅप्टरचा. थेट मेनच्या विजेवर चालणारा भाग घरी बनवायचा नाही.

सेलला थेट डाग द्यायचा नाही, आयर्नची उष्णता आत जाते. स्प्रिंगचा होल्डर घ्या, लाल-काळ्या वायरी आखूड ठेवा, आणि होल्डरवर प्लस-मायनस ठळक मार्करने लिहा. सेल उलटा बसला तर यातले बहुतेक बोर्ड क्षणात जातात. दोन सेल सीरिजमध्ये लावायचा विचार असेल तर तो आत्ता बाजूला. तिथे बॅलन्सिंग, म्हणजे दोन्ही सेल सारखे भरायची सोय, लागते आणि हा बोर्ड त्यासाठी नाही.

पहिल्या चार्जिंगची जागाही आधी ठरवा. सिरॅमिक फरशीचा तुकडा, आसपास कागद-कापड नाही, शेजारी वाळूची बादली. बंद डब्यात ठेवू नका, वायू कोंडतो. धूर दिसला तर प्लग काढणं सहज शक्य असेल तरच काढा आणि खोलीबाहेर पडा, तो धूर विषारी असतो. सेल ० अंशाखाली किंवा ४५ च्या वर असताना चार्ज करायचा नाही. या बोर्डांवर तापमान बघायची पिन बहुधा ग्राउंडला (मायनसला) जोडलेली असते, म्हणजे बोर्ड तापमान बघत नाही, ती काळजी तुमच्याकडे. चार्ज होताना आउटवर दिवा किंवा पंखा चालू ठेवला तर करंट एक दशांशाखाली उतरत नाही आणि चार्जर थांबायचं विसरतो, म्हणून पहिल्या वेळी आउट रिकामं ठेवा.

दर पंधरा मिनिटांनी व्होल्टेज लिहा आणि सेलला हात लावून बघा. कोमट चालेल; हात ठेववत नाही इतका तापला तर तिथेच थांबवून तो सेल कायमचा बाद. बोर्डावरच्या दिव्याचा रंग बदलला की सेल काढा, तासाभराने मोजा आणि आकडा तारखेसह सेलवर लिहून ठेवा. आठवड्याने पुन्हा मोजा. ४.१ च्या वर राहिला असेल तर सेल घ्यायला हरकत नाही.