कळ्या आल्या, पण उमलल्या नाहीत? वसंतातल्या बागेत या चुका टाळा

हिवाळा सरत येतो, सकाळच्या हवेतली बोच कमी होते आणि एके दिवशी गुलाबाच्या उघड्या काडीवर तांबूस कोंब दिसतो. त्यानंतर सकाळी उठलं की पाय आधी कुंड्यांकडेच वळतात. याच दिवसांत आपले हात सगळ्यात जास्त शिवशिवतात. मूठभर खत घालावं, कुंडी जरा मोठी करावी, वेडीवाकडी वाढलेली फांदी उडवावी असं वाटत राहतं. आणि बहर बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच.

कारण वसंतात उमललेलं फूल त्या आठवड्यातलं नसतं. काही झाडं त्याची कळी आदल्या वर्षीच फांदीच्या डोळ्यात, म्हणजे जिथून फुटवा निघतो त्या जागी, बांधून ठेवतात. काही झाडं नवा फुटवा आला की त्याच्या शेंड्याला कळी धरतात. दोघांचं वेळापत्रक वेगळं, आणि आपण मात्र एकाच सुट्टीच्या दिवशी सगळ्यांवर एकच उपचार करून मोकळे होतो.

एकाच दिवशी सगळ्यांची छाटणी

अझेलिया, कॅमेलिया, लायलॅक आणि हायड्रेंजियाच्या गोल झुबक्यांच्या जाती यांच्या कळ्या मागच्या हंगामातल्या फांद्यांवर आधीच तयार असतात. हिवाळ्याच्या शेवटी त्यांच्यावर कात्री चालवली की काड्यांबरोबर त्या वर्षीची फुलंही कचऱ्यात जातात. झाड पुढे छान हिरवं होतं, तजेलदार दिसतं, फूल मात्र जवळपास येतच नाही. या झाडांची छाटणी फुलं संपली की लगेच, दोन-तीन आठवड्यांच्या आत उरकायची. म्हणजे पुढच्या वर्षीची कळी धरायला फांदीला पुरेसे दिवस मिळतात.

गुलाब, मोगरा, जास्वंद, बोगनवेल यांचं उलट. त्यांचं फूल येतं ते नव्या, कोवळ्या फुटीवर. त्यांना हातच लावला नाही तर जुन्या फांद्या लांबत जातात आणि टोकाला चार-दोन फुलं येऊन बहर संपतो. यांची छाटणी पालवी फुटायच्या आधी करायची.

आपलं झाड यातल्या कुठल्या गटातलं ते ठाऊक नसेल तर यंदा कात्री बाजूला ठेवा आणि फूल कशावर आलंय ते नीट बघा. हिरव्या, नखाने दबणाऱ्या काडीच्या टोकाला असेल तर ते नव्या फुटीवरचं. तपकिरी साल धरलेल्या फांदीवर थेट किंवा अगदी आखूड देठावर बसलं असेल तर जुन्या फांदीवरचं. एक वर्ष छाटलं नाही म्हणून झाडाचं काही वाईट होत नाही.

मोगऱ्याच्या बाबतीत मात्र हात फार आखडता घेतला जातो. फांद्या बिनधास्त एक तृतीयांशाने कमी करा, जुनी जाड पानं खुडून टाका. पहिला बहर ओसरला की थांबू नका; फूल येऊन गेलेलं प्रत्येक टोक, पानांच्या एक-दोन जोड्यांसकट, खुडा. खालच्या जोडीच्या बगलेतून दोन फुटवे निघतात आणि एका टोकाची दोन टोकं होतात. मोगऱ्याला कळ्या टोकालाच येतात, त्यामुळे टोकं वाढली की फुलं वाढतात, इतकं ते सरळ आहे.

गुलाब छाटल्यावर फूल यायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात काहीच दिसत नाही म्हणून पुन्हा छाटलं तर मोजणी पहिल्यापासून सुरू. तेवढा धीर धरायलाच हवा.

गुलाबाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यापायी चांगली झाडं हातची जातात. विकत आणलेला गुलाब बहुधा कलमी असतो. खाली रानगुलाबाचं खोड, त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरलेला. बुडाशी बोटांनी चाचपलं तर जोडाची गाठ हाताला लागते. या गाठीच्या खालून कधीकधी एक सरळसोट, जोमदार फुटवा वर येतो आणि झाड जोर धरतंय असं वाटून आपण हरखतो. पण तो खालच्या रानगुलाबाचा असतो. पानं बारीक, रंग वेगळा, काट्यांची ठेवण वेगळी. वरच्या कलमाचं अन्न तो ओढून घेतो आणि एक-दोन वर्षांत आपला गुलाब नाहीसा होऊन नुसतं रानटी झुडूप उरतं. हा फुटवा कात्रीने कापू नका, कापलेल्या जागेतून आणखी दोन येतात. माती बाजूला सारा, तो जिथून निघालाय ती जागा शोधा आणि खालच्या दिशेने झटका देऊन मुळासकट ओढून काढा.

पानंच पानं, कळीचा पत्ता नाही

झाड गर्द हिरवं, पानं मोठी आणि लुसलुशीत, फांद्या भराभर लांबतायत, आणि तरी कळी नाही. अशा वेळी दोनच गोष्टी तपासा, नत्र (नायट्रोजन) आणि ऊन.

नत्र पानं वाढवतं. युरिया, पेंडेचं पाणी किंवा दर आठवड्याला ओंजळभर गांडूळखत असं प्रेमाने चालू असेल तर झाड वाढीतच रमतं आणि फुलाकडे वळत नाही. रासायनिक खत जास्त झालं असेल तर कुंडीच्या भोकांतून भरपूर पाणी वाहून जाईल असं दोन-तीनदा पाणी द्या आणि महिनाभर खत पूर्ण बंद ठेवा. शेणखत किंवा गांडूळखत असेल तर फक्त बंद करून वाट बघा. पुढे संतुलित एनपीके (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाश म्हणजे पोटॅश) खत, तेही पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं, पंधरा दिवसांतून एकदा आणि नेहमी ओल्या मातीत. कोरड्या मातीत घातलेलं खत कोवळी मुळं जाळतं.

फुलं हवीत म्हणून बोनमील (हाडांचा चुरा) ओतायचं, हाही मोठा गैरसमज. फूल धरायला स्फुरद लागतं हे खरं, पण बहुतेक मातीत ते पुरेसं असतंच. ते जास्त झालं की मुळांना लोह आणि जस्त घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात आणि फक्त शिरा हिरव्या राहतात. शिवाय बोनमील विरघळायला माती आम्लधर्मी लागते, नाहीतर ते तसंच पडून राहतं.

गेल्या महिन्यात ऊन होतं, आता कुठे गेलं?

ही चूक आपली म्हणावी तर आपली नाही, पण तिचा फटका गॅलरीतल्या बागेला हमखास बसतो. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे, खालून फिरतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन खोलवर येतं. वसंत येतो तसा सूर्य डोक्यावर चढायला लागतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब तेच ऊन अडवतो. डिसेंबरात उन्हात न्हाणारी कुंडी एप्रिलमध्ये सावलीत असते आणि आपण खतात दोष शोधत बसतो. गुलाब, मोगरा, जास्वंद यांना किमान ६ तास थेट ऊन लागतं. एक दिवस सकाळी ८, ११, दुपारी २ आणि ४ वाजता गॅलरीत जाऊन कुठे ऊन पडलंय ते बघा, आणि दर महिन्याला पुन्हा बघा.

पण कुंडी हलवायची ती कळ्या धरायच्या आधी. माझ्याकडे अनंताचं झाड होतं, कळ्यांनी लगडलेलं. येता-जाता दिसावं म्हणून मी ते कोपऱ्यातून उचलून दारापाशी ठेवलं. आठवड्याभरात कळ्यांचे देठ पिवळे पडले आणि बोट लागलं तरी कळी गळायला लागली. उमलली ती फक्त दोन फुलं. अनंत आणि कॅमेलिया या बाबतीत फार हळवे. उजेड, वारा, तापमान यांपैकी काहीही अचानक बदललं की ते आधी कळ्या टाकतात. याच कारणाने कळ्या असताना कुंडी बदलणंही टाळा. मुळं कुंडीत गोल गुंडाळली गेली असली तरी बहर संपेपर्यंत थांबा. नर्सरीतून फुलांनी भरलेलं रोप आणलं तर ते लगेच दुसऱ्या कुंडीत लावू नका, आठ-दहा दिवस नव्या जागेला रुळू द्या. आणि रोप निवडताना पूर्ण फुललेल्यापेक्षा बंद कळ्यांचं घ्या.

उजेडाची एक उलटी बाजूही आहे. कलांचो, पॉइन्सेटिया आणि शेवंती यांना कळी धरायला लांब रात्र लागते. दिवसाची लांबी झाडाचं फुलणं ठरवते हे १९२० साली गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या झाडांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं. कलांचोला साधारण ६ आठवडे रोज सलग १४ तास अंधार मिळाला तर कळ्या येतात. गॅलरीतला दिवा रात्री उशिरापर्यंत चालू असेल किंवा रस्त्यावरचा दिवा थेट कुंडीवर पडत असेल तर झाड ठणठणीत राहील, पण फुलणार नाही. संध्याकाळी त्यावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला आणि सकाळी काढा.

पाणी

रोज ठरलेल्या वेळी पाणी घालायची सवय सोडा. बोट मातीत दोन पेरं खुपसा, कोरडं लागलं तरच घाला. माती ओली असूनही झाड मलूल दिसत असेल तर आणखी पाणी घालू नका. मुळं कुजत असण्याची शक्यता जास्त. कळ्यांच्या दिवसांत माती एकदा खडखडीत वाळू द्यायची आणि मग बादलीभर ओतायची, हा प्रकार कळीगळीचं मोठं कारण आहे.

बोगनवेल याला अपवाद. तिला ताण द्यावा लागतो. पानं किंचित मान टाकेपर्यंत पाणी तोडायचं, मग थोडं द्यायचं, पुन्हा तोडायचं. लाडावलेली बोगनवेल पानंच देते. आणि जवळ जाऊन बघा, आपण जिला पाकळी म्हणतो ती रंग बदललेली पानं असतात. खरी फुलं मधोमध, पांढरट, काडीपेटीच्या काडीएवढ्या नळीची, तिनाच्या गटात.

पडलेली कळी फेकू नका, उघडून बघा

कळ्या गळायला लागल्या की लोक लगेच फवारणी करतात. आधी शोध घ्या. जास्वंदीची पिवळी पडून गळलेली कळी उचला, पांढऱ्या बशीत ठेवून नखाने उभी चिरा. आत काहीच नसेल तर कारण पाणी, ऊन किंवा जागाबदल. पण आत तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, पांढुरक्या-पिवळसर अळ्या दिसल्या, आणि त्यातली एखादी अंगाची कमान करून टुणकन उडाली, तर ती कळीमाशीची अळी. मोगऱ्याच्या कळ्यांतही ती सापडते. ही अळी कळीबरोबर खाली पडते, मातीत शिरते, कोषात जाते आणि माशी होऊन पुन्हा वरच्या कळीत अंडी घालते. ती कळीच्या आत असते, म्हणून वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. यावर उपाय हाताचाच आहे. पडलेल्या आणि पिवळ्या पडलेल्या सगळ्या कळ्या रोज वेचायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून टाकायच्या. कंपोस्टात अजिबात नाही. एक पिढी पूर्ण व्हायला तीन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे महिनाभर तरी एकही दिवस चुकवू नका.

गुलाबाची कळी अर्धवट उघडून वाकडी होत असेल, पाकळ्यांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी दिसत असतील, तर पांढऱ्या कागदावर ती कळी झटका. बारीक रेघांसारखे पळणारे जीव दिसले तर ते फुलकिडे. अशा कळ्या काढून टाका आणि निळे चिकट सापळे लावा. कोवळ्या शेंड्यावर हिरवा-काळा मावा असेल तर आधी पाण्याचा जोरदार फवारा. दोन-तीन दिवस केलं तरी पुष्कळ कमी होतो. उरला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे काही थेंब, तेही संध्याकाळी, आणि उमललेल्या फुलांवर नाही. दिवसा तिथे मधमाश्या येतात, त्यांना ते बाधतं. शेंड्यावर मुंग्यांची ये-जा असेल तर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहेच असं समजून पानांच्या मागे शोधा.

फुलं सुकल्यानंतर

पिटुनियाचं सुकलेलं फूल ओढलं की मऊ, चिकट पाकळी हातात येते आणि काम झालंसं वाटतं. खाली हिरव्या देठाशी मिरीएवढी बोंडी तशीच राहते. बी त्या बोंडीत भरतं, आणि बी भरायला लागलं की झाडाला नव्या कळीची निकड उरत नाही. म्हणून खुडायचं ते बोंडीसकट, खालच्या देठातून. झिनिया आणि झेंडूचंही तेच. गुलाबाचं फूल वाळलं की पाच पर्णिकांच्या (एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या) पहिल्या चांगल्या पानाच्या वर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याजवळ कापा.

कंदांचं वेगळं. डॅफोडिल, ट्युलिप, अमरीलिस यांचं फूल वाळलं की फक्त फुलाचा दांडा कापायचा. त्यानंतर पानं लोळायला लागतात, पिवळी पडतात, कुंडी उदास दिसते आणि नेमकी तीच पानं कापायचा मोह होतो. पण पुढच्या वर्षीच्या फुलाचं अन्न हीच पानं कंदात साठवत असतात. ती कापली की पुढच्या वसंतात नुसती पानं येतात, दांडा येत नाही. त्यांच्या गाठी मारू नका, वेण्या घालू नका, ऊन लागू द्या आणि ती हिरवी आहेत तोवर पाणी चालू ठेवा. कुंडी डोळ्यांना खुपत असेल तर मागच्या रांगेत सरकवा. पानं पूर्ण वाळल्यावर टोकाला धरून हलकं ओढून बघा. आपसूक सुटून हातात आलं तर काढा, अडलं तर आणखी आठवडाभर राहू द्या.