गोधडी लवकर शिवायची, तर वेळ कुठे वाचवायचा?

तुकड्यांच्या गोधडीत शिवण्यापेक्षा जास्त वेळ खातं ते एकेक तुकडा कापणं, उचलणं आणि जुळवणं. वेळ वाचवायचा तो तिथे. मापात नाही.

म्हणून आधी पाव इंचाची माया (कापडाची कड आणि शिवण यांच्यात सोडलेली जागा) तपासा. दीड इंच रुंदीच्या 3 पट्ट्या जोडून इस्त्री करा. एकूण रुंदी साडेतीन इंच भरली आणि मधली पट्टी बरोबर 1 इंच दिसली, की मशीन तयार. शिवण अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) आत गेली, तर प्रत्येक जोडाला एक सूत कापड जातं. 8 जोडांत अख्खा इंच कमी!

चार चौकोनांच्या ब्लॉकसाठी (तुकडे जोडून केलेल्या गोधडीच्या एका चौकोनी भागासाठी) सुटे चौकोन कापूच नका. अडीच इंची गडद आणि फिकी पट्टी लांबीत जोडा, माया गडद कापडाकडे वळवून इस्त्री करा आणि साडेचार इंच रुंद झालेल्या या जोडपट्टीचे अडीच-अडीच इंचांचे आडवे काप घ्या. एक काप फिरवून दुसऱ्याला जोडला की ब्लॉक झाला. दोन्हीकडची माया विरुद्ध दिशांना असल्याने मधले कोपरे आपसूक एकमेकांना टेकून बसतात. टाका मात्र 2 मिलिमीटरचाच ठेवा, लांब टाका कापल्या जागी उसवतो.

त्रिकोणांत सगळ्यात जास्त फायदा होतो. दोन रंगांचे 8 इंची चौकोन सुलट बाजू आत घेऊन एकावर एक ठेवा. मागून दोन्ही कर्ण आखा आणि प्रत्येक रेषेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर शिवण घाला. कापड न हलवता मधोमध उभं-आडवं कापा, मग कर्णांवर. एका दमात 8 दुरंगी चौकोन मिळतात. ते उलगडून इस्त्री करा आणि साडेतीन इंचांवर छाटा, जोडल्यावर 3 इंचांचे दिसतील. तिरकी कड कापण्याआधीच शिवलेली असल्याने ताणली जात नाही, आणि कोपरे बिघडतात ते बहुतेक याच ताणामुळे. छाटणी टाळू नका. छाटताना मापपट्टीवरची 45 अंशांची रेषा शिवणीवर ठेवा.

जोडायच्या तुकड्यांच्या जोड्या सुईखाली एकामागून एक सरकवा, धागा शेवटी तोडा.

काठाची पट्टी थेट कडेला लावत जाऊन उरलेली कापून टाकणं, ही पळवाट महागात पडते. हाताळून कड सैल झालेली असते, पट्टी तिच्या मापाने जाते आणि काठाला लाटा येतात. गोधडीच्या मधोमध माप घ्या, दोन्ही पट्ट्या तेवढ्याच कापा, टोकं आणि मध्य टाचून मग शिवा.

थर टाचताना अस्तर आणि आतला थर वरच्या जोडलेल्या थरापेक्षा चारही बाजूंनी 4 इंच जास्त ठेवा, कारण शिवताना थर सरकतात. अस्तर ताठ, पण न ताणता चिकटपट्टीने जमिनीला लावा. ताणलेलं अस्तर सोडल्यावर आक्रसतं आणि मागे चुण्या पडतात. सेफ्टी पिना मुठीएवढ्या अंतरावर लावा आणि शिवण मधून कडेकडे न्या.