सकाळी रेडवुड, दुपारी द्राक्षबाग: सोनोमाची सहल कशी आखावी

सॅन फ्रान्सिस्कोला येणाऱ्या पाहुण्यांच्या यादीत दोन गोष्टी हमखास असतात: नापाची वाइन आणि म्युअर वुड्स जंगलातली उंच रेडवुड झाडं. बहुतेक जण दोन्ही एका दिवसात उरकायला जातात. मग अर्धा दिवस गाडीत जातो, जंगलात घड्याळाकडे बघत फिरावं लागतं आणि वायनरीत पोचेपर्यंत सगळे दमलेले असतात. माझं सांगणं असं, की ही जोडी नापाच्या बाजूला शोधूच नका. शहराच्या उत्तरेला साधारण ७५ मैलांवर, सोनोमा काउंटीत, रशियन नदीच्या काठी गर्नव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथे हजार वर्षांहून जुनी झाडं आणि वाइनची तळघरं यांच्यात गाडीने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे.

आधी धुकं समजून घ्या

नाशिककडे धुकं पडलं की द्राक्ष बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. डाऊनी या बुरशीरोगाची भीती, फवारण्यांचा खर्च. इथे उलट आहे. उन्हाळ्यात इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. पॅसिफिकचं पाणी थंडगार आणि आतली खोरी तापलेली, त्यामुळे संध्याकाळनंतर समुद्रावरचं धुकं नदीच्या वाटेने आत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळ टळता टळता विरतं. रेडवुडच्या पानांवर हे धुकं थेंब होऊन साचतं, खाली टपकतं आणि कोरड्या महिन्यांत मुळांना तेच पाणी मिळतं. त्याच धुक्याच्या गारव्यात पिनो न्वार आणि शार्दनेची द्राक्षं सावकाश पिकतात, त्यांचा आंबटपणा टिकतो. म्हणून दिवसाची आखणी सोपी आहे: धुकं असेतो जंगल, ऊन पडलं की बाग.

या दोघांचं नातं जमिनीतही आहे. एकोणिसाव्या शतकात इथे इतकी तोड झाली, की गर्नव्हिलला लोक ‘स्टम्पटाउन’ म्हणू लागले, म्हणजे बुडख्यांचं गाव. बोहेमियातून आलेल्या कॉर्बेल बंधूंनी इथे आधी लाकडाचा धंदा केला आणि मग त्याच जमिनीत, बुडख्यांच्या मधल्या जागेत द्राक्षं लावली. त्यांची वायनरी आजही तिथेच आहे. जेम्स आर्मस्ट्राँग हाही लाकडाचाच व्यापारी, पण १८७०च्या दशकात त्याने एक राई न तोडता राखून ठेवली. आपण जी झाडं बघायला जाणार ती हीच. हे ठाऊक असलं की बागेतल्या रांगा बघताना तिथे आधी काय उभं होतं हे डोळ्यांपुढे येतं.

महिना निवडा

मला मे सगळ्यात आवडतो. वेलींना कोवळी पालवी, गर्दी कमी, जंगल ओलसर. सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी असते, गावभर आंबणाऱ्या रसाचा वास दरवळतो, पण राहण्याचे दर चढलेले असतात आणि तो वणव्यांचाही हंगाम आहे. ऑगस्ट २०२०मध्ये लागलेली आग आर्मस्ट्राँगच्या जंगलापर्यंत आली होती. तेव्हा निघण्याआधी उद्यान उघडं आहे ना, हे एकदा बघून घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत वेलींच्या रांगांमध्ये पिवळीधमक मोहरी फुलते, मात्र तो पावसाळा आहे आणि नदी कधीकधी गावात शिरते. फेब्रुवारी २०१९मध्ये गर्नव्हिल पाण्यात होतं.

मुक्काम आणि रस्ता

निदान एक रात्र तरी राहा, दोन असतील तर उत्तम. शक्यतो सोमवार ते गुरुवार. गर्नव्हिल जंगलाच्या उंबरठ्यावर आहे, हील्ड्सबर्ग अर्ध्या तासावर आणि महाग, पण तिथे खाण्यापिण्याची चंगळ आहे. रस्ता सरळ: १०१ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला, सान्ता रोझा मागे टाकून रिव्हर रोडचा फाटा. गोल्डन गेट पुलाचा टोल फक्त शहरात परत येताना लागतो आणि तिथे रोख घेत नाहीत, म्हणून गाडी भाड्याने घेतानाच तो कसा भरायचा ते विचारून ठेवा. झाडांखाली फोनचा सिग्नल जातो. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

जंगलाची सकाळ

आर्मस्ट्राँगचं जंगल सकाळी ८ला उघडतं. त्या वेळेला पोचा. गाडी आत नेली तर शुल्क पडतं, बाहेर लावून चालत गेलात तर काही नाही. आतली मुख्य वाट सपाट आहे. गुडघे दुखणारे आई-बाबाही ती आरामात चालतात.

स्वेटर मात्र हवाच. धुक्यातल्या सकाळी आत शिरलात की पाऊस नुकताच थांबून पागोळ्या गळत असल्यासारखा आवाज येतो. वर बघावं तर शेंडे दिसत नाहीत, थेंब तेवढे येत राहतात. वाटेच्या कडेच्या एखाद्या खोडावर तळहात ठेवून बघा. नारळाच्या सोडणासारखी तंतूंची, लालसर साल, जुन्या झाडांवर फूटभर जाड. याच सालीमुळे झाड लहानसहान आगीतून तगतं. पार्सन जोन्स नावाचं झाड ३१० फुटांचं आहे. कर्नल आर्मस्ट्राँग नावाचं झाड त्याहून म्हातारं, १४००हून अधिक वर्षांचं. ते रुजलं तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. एवढ्या झाडाचं फळ सुपारीएवढं आणि बी टोमॅटोच्या बीसारखं. काही ठिकाणी झाडं गोल रिंगण धरून उभी दिसतील. मधला बुडखा कुजून गेलेला असतो आणि त्याच्याच मुळांतून फुटलेली ही पोरं असतात.

मुळं खोल नसतात, आडवी पसरतात. फोटोसाठी कुंपण ओलांडून बुंध्याशी गेलं की माती दबते आणि झाडाला पाणी मिळेनासं होतं. कृपा करून वाट सोडू नका.

दुपारची वायनरी

दिवसाला दोनच. तिसऱ्या ठिकाणी जीभ काही सांगत नाही. जागा आधी राखून ठेवा, शनिवारी तर नक्कीच. टेस्टिंगला, म्हणजे वाइन चाखायला, बरेच पैसे पडतात, पण बाटल्या विकत घेतल्या तर अनेक ठिकाणी ते माफ होतात. दोघांत एक टेस्टिंग चालेल का, हे विचारायला संकोच करू नका. वय २१ पूर्ण हवं आणि मूळ पासपोर्ट जवळ असावा. मुलं बरोबर असतील तर आत घेतात का, आणि आपला डबा बागेत बसून खाता येतो का, हेही फोन करून विचारा.

सुरुवात कॉर्बेलच्या बुडबुड्यांच्या वाइनने करा, मग वेस्टसाइड रोडने हील्ड्सबर्गकडे जाताना पिनो न्वार. मसालेदार जेवणाबरोबर प्यायला काही न्यायचं असेल तर शेजारच्या ड्राय क्रीक खोऱ्यातली झिनफँडेल ही लाल वाइन घ्या. एका घोटात साधारण ३० मिली असते, म्हणजे पाच वाइन चाखल्या की एक भरलेला ग्लास पोटात गेला. टेबलावरचं भांडं थुंकण्यासाठीच ठेवलेलं असतं आणि जाणकारच ते जास्त वापरतात. गाडी चालवणाऱ्याने मात्र चाखूच नये. कोणीच तयार नसेल तर दिवसभरासाठी चालक ठरवून टाका, कारण फोनवरून बोलावलेली टॅक्सी इथे येईलच याचा भरवसा नाही. उघडलेली बाटली डिकीतच ठेवायची, पुढे नाही.

नाशिकच्या गंगापूरला जाऊन आलेल्यांना इथे ओळखीचं काही सापडेल. तिथल्या सुला वायनरीचे राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकून, कॅलिफोर्नियात नोकरी करून परतले आणि वाइन करायला मदतीला आले ते सोनोमाचेच वाइनमेकर केरी डॅमस्की.

हाताशी आणखी दिवस असतील तर

क्लोव्हरडेलहून १२८ क्रमांकाच्या रस्त्याने अँडरसन खोऱ्यात जा. वळणं फार आहेत, आलेपाक जवळ ठेवा. तिथे हेंडी वुड्सचं रेडवुड जंगल द्राक्षबागांना लागूनच आहे. फिलोजवळच्या नॅव्हारो वायनरीत बिनदारूचा द्राक्षरस मिळतो. न पिणाऱ्या आई-बाबांना मी तिथे आवर्जून न्यायला सांगते. तोच रस्ता पुढे झाडांच्या बोगद्यातून थेट समुद्राला भिडतो. हम्बोल्टचा ३१ मैलांचा ‘अव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ हा रेडवुडांमधून जाणारा रस्ता याहून भव्य आहे, पण शहरापासून चार तास दूर. त्याला दोन दिवस वेगळे द्या. आणि हाताशी फक्त अर्धा दिवस असेल तर म्युअर वुड्सही सुंदरच आहे. मात्र तिथे पार्किंग किंवा शटल आधी राखून ठेवावं लागतं, आणि तो पास फोनमध्ये उतरवून ठेवावा लागतो, कारण तिथेही सिग्नल नसतो.

भारतात परतताना माणशी २ लिटर नेता येते. म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. तिसरी त्या मापात बसत नाही. त्या चेक-इनच्या बॅगेतच जातात. सकाळच्या धुक्यासाठी नेलेले स्वेटर त्यांच्याभोवती घट्ट गुंडाळा.