कोंबड्यांच्या जंतांवर पपईच्या बिया: काढा नको, कोमट अर्क हवा

पपईच्या बियांचा काढा उकळला की त्यातला कामाचा भाग चुलीवरच संपतो. बिया भरडून पाण्यात कालवल्या की त्यांच्यातल्या एन्झाइममुळे बेंझिल आयसोथायोसायनेट हे झोंबणारे द्रव्य तयार होते, आणि जंतांवर चालते ते मुख्यतः हेच. उकळत्या पाण्यात एन्झाइम मरते, आणि तयार झालेले द्रव्य वाफेबरोबर उडते. लसणाचेही तसेच. ठेचून दहा मिनिटे ठेवावा, शिजवू नये. एकट्या लसणावर मात्र विसंबू नका, जंतांवर तो फार कमी पडतो.

बिया पिकलेल्या पपईच्या घ्या. फळवाल्याकडे आणि ज्यूसच्या गाड्यावर त्या फेकूनच देतात. चाळणीत चोळून वरचे बुळबुळीत आवरण काढा, धुवा आणि सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. पावसाळी दमट हवेत त्यांना बुरशी धरते, म्हणून साठा मे महिन्यातच करून ठेवा. बुरशी आलेली बी कोंबडीला कधीच घालू नये. वापरण्याआधी चिमूटभर भरड पाण्यात कालवून हुंगा. फेसलेल्या मोहरीसारखा नाकात झोंबला तर माल चांगला. वास नसेल तर बिया जुन्या किंवा तापलेल्या आहेत, टाकून द्या.

मात्रा रोज एक किलो वजनाला एक ग्रॅम सुकी भरड. चार-पाच कोंबड्या पिशवीत घालून काट्यावर तोला, सरासरी काढा. दीड किलोच्या 20 कोंबड्यांना 30 ग्रॅम लागेल. ती त्याच सकाळी खलबत्त्यात कुटा, 300 मिली कोमट पाण्यात कालवून 15 मिनिटे झाकून ठेवा. पाण्यात बोट सहज धरवले पाहिजे. मग गाळ न काढता एक किलो मक्याच्या भरड्यात चोळा. कडवटपणा जावा म्हणून सुपारीएवढा गूळ चालेल.

खुराडे उघडल्यावर, दुसरे काही खायच्या आत हे द्या. एकाच भांड्यात घातले तर दांडग्या कोंबड्या संपवतात आणि जिला खरी गरज आहे ती तलंग उपाशी राहते. चार-पाच भांडी लांब लांब मांडा. अर्ध्या तासात उरले ते फेका. तीन दिवस सलग ही एक फेरी, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस. मात्रा वाढवू नका. सहा आठवड्यांखालच्या पिल्लांना आणि पैदाशीच्या नर कोंबड्याला देऊ नका. या बियांच्या अर्काने नर उंदीर आणि सशांची प्रजननक्षमता घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

हा उपाय मुख्यतः पांढऱ्या गोल जंतांसाठी आहे. कोंबडी मेली तर पेठ्यापुढचे (दाणे दळणाऱ्या जाड पोटापुढचे) आतडे उभे चिरून बघा. शेवयांसारखे, पाच ते दहा सेंटीमीटरचे जंत असतील तर तेच हे. विष्ठेत तांदळाच्या कणीसारखे हलणारे तुकडे दिसले तर पट्टकृमी. ते मुंग्या आणि भुंगे खाल्ल्याने होतात, त्यांना वेगळे औषध लागते. रक्ती हगवण तर जंतांची नव्हेच, एकपेशीय परजीवींची. तिथे पपई, कडुलिंब करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जा. तुरा पांढरा पडलेली, छातीचे हाड हाताला टोचणारी कोंबडी असली तरी थेट जंतनाशकच घ्यावे, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आतडी साफ केली पण खुराड्यातली तुसाची गादी तशीच ठेवली तर एक-दोन महिन्यांत सगळे मूळपदावर येते. विष्ठेतली जंतांची अंडी उबदार ओलाव्यात दोन-तीन आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात आणि महिनोन् महिने टिकतात. कोल्हापुरातल्या गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या पावसात तर तूस सुकतच नाही. पहिल्या फेरीच्या चौथ्या दिवशी सगळे तूस काढून खड्ड्यात कुजवा, जमीन कोरडी करा, तीन इंच नवे तूस पसरा. पाण्याचे भांडे जाळीच्या चौकटीवर ठेवा, ओल तिथूनच सुरू होते. तीन महिन्यांखालची पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा. प्रथिने आणि अ जीवनसत्त्व कमी पडले की जंत जास्त बळावतात, तेव्हा शेंगदाणा पेंड आणि शेवग्याचा पाला चालू असावा.

गुण आला का, हे तुऱ्याच्या रंगावरून ठरवू नका. अर्क सुरू करण्याआधी आणि दुसऱ्या फेरीनंतर 10 ते 14 दिवसांनी, सकाळची ताजी विष्ठा निदान दहा ठिकाणांहून उचला, घट्ट झाकणाच्या डबीत भरा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जंतांच्या अंड्यांची मोजणी करून मागा. आकडा खाली आला नसेल तर तिसरी फेरी न करता जंतनाशक द्या.