स्लॅबवर मोबाईलची अँटेना आहे? मग आरएफचे (अँटेनातून निघणाऱ्या रेडिओ लहरींचे) नियम असे बनवा

नागपुरात मनीष नगर, त्रिमूर्ती नगरकडं कोणत्याही बिल्डिंगच्या स्लॅबवर पाहा, अँटेना दिसतेच. भाडं येते म्हणून सोसायटी हो म्हणते अन मग रहिवासी पलीकडच्या टॉवरवरून भांडत राहतात. पण जपायचं आहे ते वॉटरप्रूफिंगवाल्या मिस्त्रीला, टाकी धुणाऱ्याला, संक्रांतीत पतंग घेऊन वर पळणाऱ्या पोट्ट्यांना. नियम यांना डोळ्यासमोर ठेवून लिहा.

आरएफ काही एक्स-रेसारखं नाही, ते शरीर तापवते. डोळ्यांना अन अंडकोषांना जास्त जपायचं कारण तिथं रक्त कमी फिरते, उष्णता लवकर निघत नाही. आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्रीत माणूस आधीच तापलेला असतो, त्याला वेगळं काही जाणवणारच नाही, म्हणून "गरम लागलं तर बाजूला होईन" हे चालूच द्यायचं नाही.

ती उभी चपटी पेटी दिसते ना, पॅनल अँटेना, ती टॉर्चसारखी समोर फेकते. मागं अन थेट खाली फार कमी. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या घरापेक्षा तिच्यासमोर तेवढ्याच उंचीवर, हातभर अंतरावर पुट्टी मारणारा जास्त धोक्यात.

कंपनीला लेखी पत्र द्या, प्रत्येक अँटेनासमोर किती अंतरात जायचं नाही त्याचा नकाशा मागा. त्याप्रमाणे स्लॅबवर पिवळा पट्टा मारा, साखळी लावा, अन पाटी मराठी-हिंदी दोन्हीत, चित्रासकट, कारण कामावर छिंदवाडा-बालाघाटचेही लोकं असतात. दाराला कुलूप, किल्ली वॉचमनकडं, वर कोण गेलं ते रजिस्टरमध्ये. पेसमेकर असलेल्यानं पट्ट्याच्या आत जायचंच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पट्ट्याच्या आत काम असेल तर आधी अँटेना बंद. अन मेन स्विच पाडला म्हणजे बंद झाली असं समजू नका, बॅटरी बॅकअपवर ती सुरूच राहते! कंपनीचा माणूस साइटवर यायला पाहिजे, त्यानं ट्रान्समिशन बंद करून ब्रेकरला कुलूप लावावं, नाहीतर ऑफिसमधून कोणी परत चालू करेल अन मिस्त्री समोरच उभा असेल. एकाच खांबावर दोन-तीन कंपन्या असतील तर सगळ्यांची परवानगी लेखी, वेळेसकट.

आकड्यांचं म्हणाल तर १ सप्टेंबर २०१२ पासून भारतानं सामान्य लोकांसाठी टॉवरच्या आरएफवर आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लावली, ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर, १८०० ला ०.९. पाटीवर छापायच्या आधी दूरसंचार विभागाचा आजचा आकडा बघून घ्या. शंका असेल तर त्यांच्या तरंग संचार पोर्टलवर फी भरून मोजणी मागवता येते, ती कंपनीच्या तोंडी आश्वासनापेक्षा केव्हाही बरी.

कंपनीनं नवीन ५जी ची अँटेना चढवली किंवा जुनीचं तोंड फिरवलं की नकाशा नवा मागा अन पट्टा पुन्हा मारा.