स्विंग बदलताय? आधी चेंडू बाजूला ठेवा

गोल्फचा स्विंग, म्हणजे काठी फिरवून चेंडू मारायची ढब, बदलायला घेतला की सुरुवातीला चेंडू आधीपेक्षा वाईट जातो, हे धरूनच चाला. १९९७ ची मास्टर्स (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, म्हणजे ‘मेजर’पैकी एक) १२ फटक्यांनी जिंकल्यावरही टायगर वूड्सने स्विंग बदलायला घेतला. १९९८ मध्ये पीजीए टूरची (अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मालिका) एकच स्पर्धा हाती लागली. २००० मध्ये मात्र तीन मेजर! तिथे आपली काय कथा.

मी सोलापुरात गच्चीवर सराव करतो. एप्रिलात सकाळी सातच्या आत, नंतर फरशीवर पाय ठरत नाही. दोरीवर जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून सैल टाकायची आणि स्पंजचा चेंडू मारायचा. (खरा नको, शेजाऱ्यांच्या काचा महाग पडतात.) पण रोजचे पहिले २० स्विंग चेंडूशिवाय, निम्म्या वेगाने. चेंडू दिसला की हात जुन्याच वाटेने धावतात. मनगट, खांदा, पाय सगळं एकदम दुरुस्त करायला जाऊ नका, एकच गोष्ट धरा. मी क्लब (गोल्फची काठी) वर पोचला की मनात ‘एक’ म्हणतो, मगच खाली येतो. आठवड्यातून एकदा मोबाईल कठड्याला टेकवून व्हिडिओ काढा. अंगाला वाटतं खूप बदललंय, व्हिडिओत फरक बोटभर असतो.